पालथा ठेवायचा आलेख

सोमवार, १० मार्च

मुंगीबाईंस,

रविवार, ९ मार्च, दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी, माझ्या स्वतःच्या जेवणाच्या टेबलावर, मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघरातून येत असताना, तू तुझा आलेख उताणा ठेवलास. वेळ पक्की सांगते. शेजारच्यांचं ड्रिल तेव्हाच थांबलं होतं आणि मी घड्याळाकडे बघून म्हटलं होतं, चला, सुटले. कुठली सुटते.

आपलं काय ठरलं होतं ते तुला पहिलीतल्या पोरीसारखं पुन्हा सांगावं लागतंय. तुमच्या संस्थेत कुठलाही दावा दोन हातांनी तपासतात. एकच कच्ची मोजमापं, दोन माणसं, दोन खोल्या, बोलणं बंद. ठरल्या दिवशी दोघांनी आपापला आलेख एका टेबलावर पालथा ठेवायचा आणि एकदम उलटायचा. जुळले तर शोधनिबंध पुढे जातो, नाहीतर दोघांनी घरी जायचं. ही पद्धत मी आणि बुवांनी सुरू केली, तेव्हा तू दुधाचे दात पाडत होतीस. बुवा आणि मी संस्थेत एका मजल्यावर बसायचो आणि महिनोन्महिने फक्त हवापाण्याच्या गप्पा मारायचो. हवापाण्याच्या म्हणजे बाहेरच्या. ज्याचे ढग आम्ही मोजायचो त्या शुक्राच्या नव्हे.

निवृत्तीनंतर सात वर्षांनी तुमच्या प्रमुखांना माझी आठवण झाली. ‘तुमच्या भाचीच्या ग्रहासाठी दुसरा हात व्हाल का?’ भाचीचं काम मावशीने तपासावं हे मला पटत नव्हतं. पण या विषयात तोंड बंद ठेवणारं दुसरं माणूस सापडत नाही असं ते म्हणाले, म्हणून हो म्हटलं. तू ज्याला फुग्या म्हणतेस त्या ग्रहाच्या हवेत पाण्याची वाफ आहे का, एवढाच प्रश्न. सतरा तारखेला उलटायचं ठरलं होतं. माझं काम अर्ध्यावर होतं. आणि तू आठवडाभर आधी आलेखातला तो पाण्याचा उंचवटा माझ्या नाकासमोर धरलास.

मी ताबडतोब त्यावर वर्तमानपत्र टाकलं आणि तोंड फिरवलं, ते तू पाहिलंस. पण जे दिसायचं ते दिसून गेलं. चहा तुला एकटीला प्यावा लागला, त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

हे का केलंस? फोन करू नकोस. फोनवर तू गोड बोलून वेळ मारून नेतेस, थेट आईवर गेली आहेस. लिहून कळव.

मावशी


गुरुवार, १३ मार्च

ती. कोपिष्ट मावशीस नमस्कार.

पत्र मिळालं. पत्रपेटीतून काढताना हात भाजला.

अगं, पंख्याने उलटला कागद. मी मुद्दाम कशाला करीन? तू दार उघडं ठेवून चहा करत होतीस, वारा आला, पान उडालं. मी सावरेपर्यंत तू ट्रे खाली ठेवून वर्तमानपत्र आपटलंस. बिस्किटांचा चुरा झाला, तो मी गोळा केला. त्याचं कौतुक नाही.

आणि समजा दिसला एक क्षण, तर काय बिघडलं? तुझी मोजमापं तुझ्याकडे आहेत. तुझ्या आकड्यांमधून जे येणार ते येणारच. माझं चित्र बघून तुझी बेरीज बदलणार आहे का?

मावशी, सतरा तारीख मोडू नकोस. एकतीस मार्चला निवड समिती बसते आहे. माझी नेमणूक जूनपर्यंतच आहे. पुढची पाच वर्षं मिळायची तर निबंध समितीसमोर हवा, आणि निबंध समितीसमोर हवा तर त्यावर दुसऱ्या हाताची सही हवी. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस. ती लगेच ‘बँकेच्या परीक्षा देऊन टाक’ सुरू करेल. बेचाळिसाव्या वर्षी.

तुझी गुडघेदुखी कशी आहे?

मुंगी


शनिवार, १५ मार्च

मुंगे,

गुडघे माझे मी बघते.

माझ्या जेवणाच्या टेबलावरचा पंखा दोन महिने बंद आहे. इलेक्ट्रिशियन ‘उद्या येतो’ म्हणतो आणि त्याचा उद्या माझ्या घड्याळात येत नाही. तेव्हा दुसरं कारण शोध, आणि या वेळी घर नीट आठवून शोध.

‘काय बिघडलं’ असं तू विचारलंस. संस्थेत पंधरा वर्षं काढून तू हा प्रश्न विचारतेस, म्हणून सविस्तर सांगते. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना त्याच्या हवेतून गाळून येणारा ताऱ्याचा उजेड आपण मोजतो. दुर्बीण ताऱ्याकडे वळली की पहिला काही वेळ तिचं यंत्र स्थिरावत नाही, आकडे चढत राहतात. सुरुवातीचा किती भाग फेकायचा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही. ते आपण ठरवतो. अर्धा तास फेकला तर पाण्याच्या जागचा उंचवटा जरा वर येतो, तास फेकला तर जरा बसतो. रविवारपर्यंत मी तासाच्या बाजूने होते. सोमवारी बसले तर मला अर्धा तास पुरेसा वाटायला लागला. का वाटायला लागला? तुझा उंचवटा डोळ्यांत बसला आहे म्हणून की खरंच पुरेसा आहे म्हणून? हे आता मला या जन्मी कळणार नाही. हे बिघडलं.

शाळेत आमच्या सिस्टर पेपर लिहिताना डावा हात उत्तरावर आडवा धरायला लावायच्या. शेजारणीचं उत्तर नुसतं दिसलं तरी उभं राहून सांगायचं, मी पाहिलं. कॉपी केली की नाही याला किंमत नसायची. तेव्हा मला तो जाच वाटायचा. पुढे त्याच्यावर पगार मिळवला.

काम मी पुरं केलं आहे. घरात येरझाऱ्या घालत, कपाटं आवरत, एक कप्पा तीनदा आवरून. उंचवटा माझ्याही आलेखात आला. तुझ्यासारखाच, तुझ्याच जागी. मला त्यावर काडीचा विश्वास नाही. सतरा तारखेला मी येणार नाही आणि सही करणार नाही.

मावशी


मंगळवार, १८ मार्च

मावशी,

काल मी टेबलाशी एकटी बसले होते. प्रमुखांनी दोनदा घड्याळ पाहिलं. ‘मावशींची तब्येत?’ असं विचारलं. मी म्हटलं, तब्येत उत्तम आहे, तत्त्वं दुखतात.

उंचवटा तुलाही दिसला, मलाही दिसला, आणि तरी सही नाही. तू हेच करत आलीस. तीस वर्षं शुक्राच्या ढगांकडे बघून तू जगाला एवढंच कळवलंस की ‘खात्री देता येत नाही’. बुवांनी दावे केले, त्यातले अर्धे चुकले, पण अर्धे टिकले, आणि त्या अर्ध्यांवर आजची मुलं शिकतात. तुझ्या नावावर काय आहे? एकही चूक नाही, हे आहे. निवृत्तीच्या दिवशी तुला हार घालताना सगळे तेच म्हणाले, आणि तू खूश झालीस. मला त्या दिवशी तुझी कीव आली होती. लिहायचं नव्हतं, लिहिलं.

मी मुद्दाम उलटला आलेख. पंखा बंद होता, मला माहीत आहे. आता समाधान?

पण तू तरी काय केलंस? तू, जी आयुष्यभर नीट बघा, नीट बघा म्हणत आलीस, तिच्यासमोर मी कागद ठेवला आणि तिने त्यावर वर्तमानपत्र टाकलं. नीट पाहिलंस तरी का?

मुंगी


शुक्रवार, २१ मार्च

मुंगे,

कीव आली होती हे वाचलं. ठीक आहे.

माझ्या नावावर काय आहे ते मला पाठ आहे, त्यासाठी टपालखर्च करायची गरज नव्हती. बुवांचे अर्धे दावे टिकले, कारण उरलेले अर्धे कुणीतरी पाडले. पाडणाऱ्याला हार घालत नाहीत, सांभाळून घेतात. तेव्हा हार मिळाला त्याचं मलाही नवलच वाटलं होतं.

ताईचा काल फोन आला. ‘मुंगी जेवत नाही, तुमचं काही बिनसलंय का?’ मी म्हटलं, ग्रहाचं बिनसलंय. ती म्हणाली, ‘कुठल्या, शनीच्या?’ मी हो म्हणून फोन ठेवला.

आता तुझ्या शेवटच्या ओळीबद्दल. नीट पाहिलंस का, असं तू का विचारतेस? चोरून दाखवणारीने असं विचारायचं नसतं. तुला मी पाहायला नको होतं की पाहायला हवं होतं? दोन दिवस मी हातात फडकं घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरते आहे आणि आठवते आहे. निळा उंचवटा आठवतो. अक्षांचे आकडे आठवतात. आणखी काय होतं त्या कागदावर?

सहीबद्दल माझं मत तेच.

मावशी


सोमवार, २४ मार्च

मावशी,

आणखी एक रेघ होती. राखाडी, बारीक, निळ्याच्या खालून जाणारी. सपाट. मी ती मुद्दाम छापली होती.

तुला मी तीन रात्रींची मोजमापं दिली. फुग्या ताऱ्यासमोरून चार वेळा गेला तेव्हा आपण बघत होतो, तीन वेळा नाही. चौथ्या रात्री उंचवटा नाही. अजिबात नाही, सरळ रेघ. जानेवारीत बैठकीत मी चारही दाखवल्या, तेव्हा प्रमुख म्हणाले, ‘ही चौथी आजारी दिसते, हिला सुट्टी द्या.’ सगळे हसले. मीही हसले, मावशी. दुर्बीण जरा हलली असेल असं कुणीतरी म्हणालं, कुणी तपासलं नाही. दुसऱ्या दिवशी फाइलमधून चौथी रात्र गेली, आणि तुला जे पाठवलं त्यातूनही गेली. मीच पाठवलं. नंतर मी एकटीने तपासलं. दुर्बीण हलली नव्हती.

मग ते सांगायची वेळ निघून गेली. दर आठवड्याला निबंध जाड होत होता. पोस्टरं छापली. एका वार्ताहराने प्रमुखांना फोन केला, तेव्हा ते खुर्चीत सरळ झाले. मी काय सांगणार होते, की मी हसले ते चुकून हसले?

म्हणून रविवारी मी तो कागद घेऊन तुझ्याकडे आले. तू ट्रे ठेवशील, चष्मा वर करशील, म्हणशील, ‘ही काय गं राखाडी?’ आणि मी संस्थेत जाऊन सांगेन की मावशीने पकडलं. तुझ्याशी वाद घालायची कुणाची टाप नाही. मला वाटलं, तुला दिसेलच. तुला काय, भिंतीवरचा डास उडायच्या आधी दिसतो.

आणि तू वर्तमानपत्र टाकलंस.

मुंगी


बुधवार, २६ मार्च (कुरियरने)

मुंगे,

वर्तमानपत्र टाकलं, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा टाकीन. पण खालून एक रेघ जाते आहे हे मला त्या क्षणात दिसायला हवं होतं, त्याचा मला राग येतो. तो राग तुझ्यावरचा नाही, माझ्यावरचा आहे, तेव्हा तू त्यात पडू नकोस.

तुझ्यावरचा राग वेगळा. तीन रात्री दिल्यास आणि चार होत्या, हे मला तू जानेवारीत सांगायचं होतंस. दुसऱ्या हाताला अर्धं ताट वाढून, आता सांग जेवण पुरलं का, असं विचारतात का?

चौथ्या रात्रीचं मला काय वाटतं ते सांगते. तो तारा लहान आहे, लाल आहे, थंड आहे. अशा ताऱ्यांवर डाग असतात, आणि डाग आणखी थंड, इतके थंड की त्यांच्यात वाफ राहू शकते. ताऱ्याच्या स्वतःच्या अंगावर वाफ. फुग्या समोरून जाताना तो डाग नसलेला भाग झाकत असेल, तर उरलेल्या उजेडात डागांचा वाटा वाढतो आणि आपल्याला वाटतं, वा, ग्रहावर पाणी. तारा फिरतो. चौथ्या रात्री डाग पाठीमागे गेले असतील. म्हणजे आजारी असलीच तर पहिल्या तीन रात्री. पण मी ‘असतील’ म्हणते आहे, ‘होते’ म्हणत नाही. पाणी ग्रहाचं असेल, ताऱ्याचं असेल, थोडं दोघांचं असेल. चार रात्रींत ते ठरत नाही. यावर कीव येणार असेल तर येऊ दे.

आता मुद्द्याचं. मी पकडलं असं तू सांगणार नाहीस. मी काही पकडलेलं नाही. तू पकडलंस, जानेवारीत, एकटीने, दुर्बीण तपासून. माझ्या पदराआडून बोलायचं वय गेलं तुझं. एकतीस तारखेला समिती बसायच्या आधी उभी राहा आणि चारही रेघा दाखव. आवाज चढवू नकोस, रडू नकोस, आणि माफी मागत सुरुवात करू नकोस. चौथी रात्र दाखवून सुरुवात कर.

पुढे काय होईल ते मला माहीत आहे, तुलाही माहीत आहे. खोटा धीर द्यायची मला सवय नाही.

या पत्राला उत्तर नको. जेव.

मावशी


शुक्रवार, ४ एप्रिल

ती. मावशीस नमस्कार.

उत्तर नको म्हणालीस, म्हणून बैठकीनंतर चार दिवस थांबले.

दाखवल्या चारही. सुरुवात चौथ्या रात्रीने केली. ताऱ्यावरच्या डागांचं बोलले, तुझं नाव घेतलं नाही. प्रमुख टाचणी फिरवायला लागले. मग म्हणाले, ‘हे आधी सांगायला हवं होतंत.’ मी म्हटलं, आधीच सांगितलं होतं, जानेवारीत, आपण हसलो होतो. मावशी, तेव्हा कुणी हसलं नाही. एकजण खिडकी उघडायला उठला. खिडकी उघडीच होती.

निबंध मागे घेतला. समितीचं पत्र दुसऱ्या दिवशी आलं, दोन ओळींचं. जूननंतर नेमणूक नाही, शुभेच्छा आहेत.

आईला सांगितलं. ती बँकेचं काहीच बोलली नाही, गरम पाण्याची पिशवी घेऊन आली. मला काही दुखत नव्हतं, पण घेतली.

हवामान खात्यात एक जागा आहे, तिथे हो म्हटलंय. जुलैपासून. खऱ्या हवेचं काम, खालच्या. उद्या पाऊस पडेल की नाही हे परवा कळतंच, एवढं सुख मला पंधरा वर्षांत मिळालं नव्हतं. टेबल आवरते आहे. दुर्बिणीचा पुढच्या हंगामाचा वेळ मागायचा अर्ज तीस एप्रिलपर्यंत द्यायचा असतो. तो मी लिहीत नाहीये. कुणी लिहील असं वाटत नाही. फुग्याचं नाव काढलं की लोक आता चहा घ्यायला जातात.

तुला लिहिलेलं ते कीव वगैरे, त्याचं मला वाईट वाटतं.

रात्री झोप येत नाही, दिवसा बसवत नाही. हे तुझ्याकडून आलं असणार.

मुंगी


मंगळवार, ८ एप्रिल

मुंगे,

हवामान खात्याविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. तिथली माणसं रोज सकाळी अंदाज सांगतात आणि संध्याकाळी सगळ्या गावासमोर चुकतात. तुझ्या प्रमुखांना तिथे महिनाभर ठेवलं तर बरं होईल. जुलैत जा, जरूर जा. पगार घे, डबा खा, पावसाचं बघ.

पण ‘कुणी लिहील असं वाटत नाही’ हे वाचून मी पत्र टेबलावर आपटलं आणि घराला दोन फेऱ्या घातल्या. म्हणजे काय? ते पाणी कुणाचं हे अजून ठरलेलं नाही. तू बरोबर वागलीस म्हणून प्रश्नाचं उत्तर मिळालं असं झालं का? नोकरी गेली, ठीक. निबंध गेला, ठीक. प्रश्न आहे तिथेच आहे, आणि तू त्याला तसाच उघड्यावर टाकून कपाटाच्या चाव्या परत करायला निघालीस. अर्ज करायला संस्थेची नेमणूक लागत नाही, नियम मी वाचले आहेत. अर्ज कोणीही द्यावा, पण कारण नीट द्यावं.

कारण असं. त्या ताऱ्याकडे आधी महिनाभर एखाद्या लहान दुर्बिणीने नुसतं बघत राहायचं. तो कधी मंदावतो, कधी उजळतो, ते लिहायचं. मंदावला की डाग आपल्याकडे तोंड करून आहेत. मग मोठी दुर्बीण दोन वेळा मागायची. एकदा डाग समोर असताना फुग्या जातो ती रात्र, एकदा डाग पाठीमागे असताना जातो ती रात्र. दोन्ही वेळा उंचवटा आला तर पाणी ग्रहाचं. डाग समोर असतानाच आला तर ताऱ्याचं. तिसरं काही आलं तर आपण दोघी तोंडात बोट घालून बसू, ते मला सर्वांत आवडेल. लहान दुर्बिणीसाठी मी बुवांच्या जुन्या वेधशाळेत बोलले आहे. ते लोक महिनाभर बघायला तयार आहेत, मात्र मला तिथे येऊन ढगांबद्दल तक्रार करता येणार नाही अशी त्यांची अट आहे. मी मान्य केली. लेखी नाही.

आणि दुसरा हात मीच. त्या चार रात्रींसाठी मी कायमची वाया गेले आहे, ते तू करून ठेवलं आहेस आणि ते मी विसरलेले नाही. पण जी रात्र अजून झालीच नाही, तिचं उत्तर तू मला दाखवू शकत नाहीस, कितीही आलेख उताणे ठेव. तिथे आपण दोघी सारख्याच कोऱ्या आहोत. तू तुझ्या खोलीत, मी माझ्या. बोलायचं फक्त तुझ्या पावसाबद्दल.

डागांचा भाग मी लिहिला आहे, सोबत जोडला आहे, चार पानं. ग्रहाचा भाग तुझा. तुझ्याइतकं त्या फुग्याला कुणी ओळखत नाही, आणि हे मी खुशामत म्हणून लिहीत नाही, तसा मला सराव नाही. पहिलं नाव तुझं, पत्ता माझ्या घराचा. खात्याचा पत्ता घालू नकोस, ते घाबरतील.

मला लेखी उत्तर हवं आहे. ‘बघू’ नको, ‘विचार करते’ नको, तब्येतीची चौकशी नको. हो किंवा नाही, आणि खाली सही. मंगळवार, १५ एप्रिल, संध्याकाळी पाचच्या आत ते माझ्या पत्रपेटीत पडलं पाहिजे. पाच वाजून गेले आणि पेटी रिकामी असली, तर ग्रहाचाही भाग मी लिहीन, मला येईल तसा, तुझंच नाव पहिलं घालून पाठवून देईन, आणि मग त्यातल्या प्रत्येक चुकीबद्दल सगळे तुलाच विचारतील.

मावशी